परफ्यूमर व्हायला जन्मतःच तीक्ष्ण नाक लागतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, सुगंधाच्या धंद्यात शिरायचंय, पण दूध करपलं तरी घरात सगळ्यात शेवटी तुम्हाला कळतं, तर हा नाद सोडावा का?

सोडू नका. अगदीच कळत नसेल तर एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पण सोडू नका.

मी मुंबईत सुगंधाच्या लॅबमध्ये २१ वर्षं काढली. अगरबत्ती, साबण, केसांचं तेल, फिनेल. बाटलीतलं भारी परफ्यूम क्वचितच. माझं नाक साधंच आहे. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ज्याँ कार्ल या फ्रेंच परफ्यूमरबद्दल सांगितलं, म्हणून टिकले.

कार्लचा जन्म १८९२चा. गाव ग्रास, दक्षिण फ्रान्समधलं. पूर्वी तिथे कातडी हातमोजे बनायचे, कातड्याचा वास मारायला त्यांना सुगंध लावायचे. पुढे मोजे मागे पडले आणि सुगंध राहिला. गावाभोवती गुलाब, निशिगंध आणि जास्मिनची शेतं. ही जास्मिन म्हणजे आपली जाई-चमेलीच. कार्लची कारकीर्द तिथल्या रूर या सुगंध बनवणाऱ्या कंपनीत झाली. १९३२चं ‘ताबू’ हे परफ्यूम त्याचं, १९३७चं ‘शॉकिंग’ त्याचं. ‘ताबू’मध्ये पॅचौली ठासून भरलेली. पॅचौली म्हणजे दवणा-मरव्याबरोबर गजऱ्यात येते त्या पाचेची सख्खी बहीण. बायकांनी हलकंफुलकं फुलांचंच लावावं असं मानणाऱ्यांना हे अत्तर म्हणजे धक्काच होता.

१९४६मध्ये त्याने रूरसाठी ग्रासला परफ्यूमरांची शाळा काढली. तोवर ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची आणि कुलुपात राहायची. कार्लचं म्हणणं असं, की नाक सर्वसाधारण असलं तरी चालतं, तयार करायची असते ती वासांची स्मरणशक्ती. त्यासाठी त्याने पद्धत बसवली. आधी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले वास घ्यायचे, लिंबू, लवंग, चंदन असे, आणि ओळख पक्की करायची. मग उलटं, एकाच घराण्यातले वास शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक शोधायचा. हा दुसरा टप्पा जीव काढतो. जिरॅनियम आणि पामारोजा, म्हणजे आपलं रोशा गवत, यांत मी दोन महिने गोंधळत होते.

त्यापुढे जोड्या. एक पदार्थ ९ भाग, दुसरा १ भाग. मग ८ आणि २, ७ आणि ३, असं करत शेवटी १ आणि ९. नऊ बाटल्या, नऊ ब्लॉटर, म्हणजे बुडवून वास घ्यायच्या कागदी पट्ट्या. त्याचं नेहमीचं उदाहरण ओकमॉस आणि अंबरचं. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं. नऊपैकी एका ठिकाणी दोन्ही वास आपापली ओळख सोडतात आणि तिसराच काहीतरी जन्माला येतो. ते प्रमाण वहीत लिहायचं. रचना नेहमी खालून वर: सगळ्यात जास्त टिकणारे वास आधी जुळवायचे, भुर्रकन उडून जाणारे शेवटी.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. याच कार्लचं नाक पुढे गेलं. वास येईनासा झाला. बाहेर कळू नये म्हणून तो गिऱ्हाइकांसमोर ब्लॉटर नाकाशी धरायचा आणि जवळच्या मोजक्या लोकांनाच खरं माहीत होतं, असं या धंद्यात सांगतात. १९४६चं ‘मा ग्रिफ’ त्याने केलं तेव्हा नाक जवळपास संपलं होतं, असंही सांगतात. ‘मा ग्रिफ’ आजही अभ्यासाला ठेवतात. त्यात हिरवा, आंबूस, कच्च्या देठासारखा वास देणारं एक रसायन मुबलक वापरलंय, आणि खाली ओकमॉस. १९४७च्या ‘मिस डिओर’वरही पॉल वाशे या परफ्यूमरबरोबर त्याचं नाव आहे.

लोक लगेच बहिरेपणातही संगीत रचणाऱ्या बेथोव्हेनचं उदाहरण देतात. मला आपल्याकडचं जवळचं वाटतं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत, तरी माझ्या आजीच्या वरणात मीठ कधी चुकलं नाही. कार्लच्या हजारो जोड्या वहीत आणि डोक्यात होत्या. फॉर्म्युला म्हणजे शेवटी वजनांची यादीच असते. फक्त एक, हे जमलं ओळखीच्या मालापुरतंच. नाक गेल्यावर बाजारात आलेलं नवं रसायन त्याला कसं कळणार? म्हणून दंतकथा थोडी कमी करूनच ऐकते मी.

कोविडमध्ये तीन आठवडे माझंही नाक बंद होतं आणि साबणाचं एक काम अडलं होतं. जुन्या वहीतल्या प्रमाणांवर फॉर्म्युला लिहिला. लॅबमधली मुलगी म्हणाली, “ताई, लव्हेंडर जरा जास्त झालंय, बाकी ठीक.” तेवढंच कमी केलं.

सुरुवात मिसळणाच्या डब्यापासून करा. डोळे मिटून धणे, हिंग, दालचिनी, आठवडाभर. दुसऱ्या आठवड्यात लवंग आणि कृष्णतुळस एकापाठोपाठ. दोन्हींत युजेनॉल असतं, तुम्ही केमिस्ट्रीवाले, नाव ओळखीचं असेल. फरक काय जाणवला ते दोन ओळींत लिहा आणि इथेच खाली टाका, मी बघेन.