पावसाळ्यात फ्लूची लाट येण्याआधी ५० खाटांच्या रुग्णालयाने काय तयारी ठेवावी?

खाटा, ऑक्सिजन, औषधं यांच्या याद्या कुठेही मिळतील. मी एकाच गोष्टीवर लिहिते, कारण त्यावरून मी भांडले आहे. फ्लूची लस मावशींना आणि मामांनाही, म्हणजे वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉयनाही द्या, डॉक्टरांच्या बरोबरीने.

मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात सिस्टर इनचार्ज होते. आपल्याकडे फ्लू जुलै ते सप्टेंबर उसळतो, थंडी सरताना पुन्हा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यूही २००९च्या ऑगस्टमध्ये, पुण्यातलाच. लशीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून मेमध्येच सगळ्यांसाठी लशीचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र टाकलं. मंजुरी आली फक्त डॉक्टर आणि नर्सेसची. ‘कंत्राटी माणसांवर खर्च कशाला, उद्या सोडून जातील,’ असं ऑफिसने सांगितलं.

ऑगस्टमध्ये मावशी एकापाठोपाठ तापाने पडल्या. बेडपॅन कोण देणार, सँपल कोण नेणार? माझ्या नर्स मुली ऑक्सिजनचे जम्बो सिलिंडर ओढत होत्या आणि तिकडे सलाईन संपून नळीत रक्त चढत होतं. एक मावशी अंगात ताप घेऊनच ड्युटीवर आली, कारण खाडा झाला की कंत्राटदार पैसे कापतो. घरी जा म्हटलं तर रडायला लागली. आदल्या दिवशी तिनेच डायलिसिसच्या पेशंटची चादर बदलली होती. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात, मावशी दिवसभर पेशंटच्या तोंडाशी असते. मग लस कोणाला आधी हवी?

बाकी थोडक्यात. ताप-खोकल्याची ओपीडी दारातच वेगळी करा, आल्याबरोबर मास्क द्या. प्रत्येकाचा स्वॅब घेत बसू नका. सौम्य लक्षणांना घरी विश्रांती पुरते. गरोदर बायका, म्हातारी माणसं, दमा-मधुमेहवाले यांना मात्र डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करावं, शक्यतो ४८ तासांच्या आत. धाप लागली की ॲडमिट. मुलांसाठी ऑसेल्टामिविरचं सिरप वेगळं मागवून ठेवा.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो आणि ती दरवर्षी घ्यावी लागते, हे खरं आहे. म्हणून नुसत्या लशीवर थांबू नका. सफाईचं कंत्राट नव्याने कराल तेव्हा त्यातच लिहून घ्या: लस रुग्णालयाच्या खर्चाने आणि तापात पगारी रजा. ‘असं कुठे असतं का,’ म्हणून तेव्हा मला गप्प केलं होतं. असतं. पुढच्या रुग्णालयात मी ते करारात घालून घेतलं.