परवाना कोलोरॅडोचा, व्हिसा वॉशिंग्टनचा

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मुलीने मे महिन्यात कोलोरॅडोत केमिस्ट्रीत एमएस पूर्ण केलं. 38 लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. ती सध्या ओपीटीवर (शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) आहे आणि डेन्व्हरच्या एका लॅबने तिला नोकरी देऊ केली आहे. दुकानात विकायला जाणाऱ्या गांजाची तिथे तपासणी होते. लॅबला राज्याचा परवाना आहे, तिथल्या गोऱ्या मुलीही तेच काम करतात. पण ही नाहीच म्हणते. गांजा म्हटलं की तिला बहुतेक लाज वाटत असावी. आम्ही पुढारलेल्या विचारांचे आहोत, आमची काही हरकत नाही. हप्ते या महिन्यापासूनच सुरू होतील. तिला कसं समजवावं?

उत्तर : मुलगी गांजाच्या धंद्यात नोकरी करत नाही, तिला समजवा, असं सांगणारं पत्र मला पहिल्यांदाच आलं. पुढारलेले आहात हे मान्य. पण माझी नजर अडकली ती पत्राच्या दुसऱ्या पानावर. रोज सकाळी साडेआठला तुम्ही घरच्या ग्रुपवर कर्जाच्या बाकीचा स्क्रीनशॉट टाकता, ‘तिला जाणीव राहावी म्हणून’. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. दिवसभर अर्ज करून आणि नकाराच्या मेल वाचून ती टेकते, तेवढ्यात वडिलांकडून आकडा येतो. तोही आत्या, मामा आणि न्यू जर्सीतल्या चुलतभावासमोर. अहो, हातातली नोकरी कोणी उगाच सोडत नाही. हा आकडा रोज बघूनही ती सोडतेय, तर का, हे तिला विचारलंत? ‘बहुतेक लाज वाटत असावी’ असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे विचारलेलं नाही.

मी तिच्या बाजूने आहे. आणि माझा अंदाज असा की तिने कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात आधीच चौकशी केली आहे.

घोळ आहे तो ‘राज्याचा परवाना आहे म्हणजे कायदेशीर’ या समजुतीत. कोलोरॅडोच्या मतदारांनी 2012 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून गांजा मोकळा केला आणि 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली. 2023 संपेपर्यंत अशी 24 राज्यं झाली. पण देशाचा 1970 चा अमली पदार्थांचा कायदा कुठलंही राज्य रद्द करू शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन आजारी बायकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एकीने घरापाशी सहा रोपं लावली होती, स्वतःच्या औषधापुरती, राज्याच्या नियमात बसणारी. 2005 मध्ये निकाल लागला, की तरीही केंद्राचा कायदा लागू. मग दुकानं चालतात कशी? केंद्र काणाडोळा करतं म्हणून. 2013 मध्ये न्याय खात्याने तसं पत्रकच काढलं होतं, जानेवारी 2018 मध्ये मागेही घेतलं. 2024 मध्ये गांजा त्या कायद्याच्या सर्वांत कडक पहिल्या यादीतून सौम्य तिसऱ्या यादीत टाकायचा प्रस्ताव आला, त्यावरून तुमचा पुतण्या ‘आता सगळं मोकळं’ म्हणतोय. तिसरी यादीसुद्धा नियंत्रित पदार्थांचीच असते, हे त्याला सांगा.

तुम्हाला हे द्राक्षात सांगते. 2010 चा हंगाम आठवतोय? वेलीची वाढ रोखणारं लिहोसिन आपल्याकडे राजरोस मिळायचं, राजरोस फवारलं जायचं. युरोपात त्यातल्या क्लोरमेक्वाटचा अंश मर्यादेबाहेर निघाला आणि कंटेनर अडकले. तेव्हा पिंपळगावच्या दुकानदाराची पावती तिकडे दाखवून कोणाचा माल सुटला असता का? कोलोरॅडोचा परवाना ही तसलीच पावती.

केंद्राचा काणाडोळा तिथल्या नागरिकाला पुरतो. त्या गोऱ्या मुलीला फार तर बँक नाक मुरडेल. तुमच्या लेकीचा व्हिसा मात्र केंद्र देतं. ओपीटीवर नोकरी धरली की मालकाचं नाव, पत्ता आणि काम शिक्षणाशी कसं जुळतं हे केंद्राच्या नोंदीत भरावं लागतं. म्हणजे ती स्वतःच्या हाताने लिहिणार, मी गांजाचे नमुने हाताळते. पुढे कधी भावाच्या लग्नाला आली, परत जाताना व्हिसाचा शिक्का घ्यायला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत गेली, की अर्जात प्रश्न असतो : अमली पदार्थांचा कायदा कधी मोडलाय का? खरं लिहिलं तर अडवू शकतात, त्यासाठी खटला किंवा शिक्षा झालेली असावी लागत नाही. खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं, तर दार कायमचं बंद होऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांचीही यातून सुटका नाही. 2019 मध्ये डेन्व्हरमधलीच दोन प्रकरणं गाजली, परवाना असलेल्या गांजा उद्योगात काम केलं म्हणून नागरिकत्व नाकारल्याची. त्याच एप्रिलमध्ये इमिग्रेशन खात्याने धोरण लेखी जाहीर केलं, राज्यात चालत असलं तरी आम्ही हे काम विरोधात धरू शकतो. शंका असेल तर तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एक तासाची फी द्या. पुतण्याचं मत फुकट असलं तरी महागात पडेल.

ओपीटी, मग स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांना मिळणारे) वाढीव 24 महिने, मग एच-1बी हा नोकरीचा व्हिसा, हा रस्ता तिला पाठ असणार. खरी घाई आहे ती 90 दिवसांची : ओपीटीत एकूण त्याहून जास्त दिवस बेकार राहता येत नाही. पण पहिल्या वर्षात बिनपगारी कामही चालतं, विषयातलं आणि आठवड्याला किमान 20 तासांचं हवं. तिच्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये तशी सोय होते का, हे तिने याच आठवड्यात विचारावं. बाकी तिचं कसब गांजापुरतं नाही. तुमच्या निर्यातीच्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट ज्या यंत्रावर निघतो, तेच एलसी-एमएस ती चालवते. पाणी, अन्न, औषधं, सगळीकडे ते लागतं. आणि नाहीच जमलं तर इथेही लागतं, पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातही लागतं. ती परत आली तर गावात तोंड कसं दाखवायचं, हे वाक्य तुम्ही पत्रात लिहून खोडलंय. खोडलेलं वाचता येतं.

एक शेवटचं. कर्जाच्या कागदाची झेरॉक्स तुम्ही सोबत जोडलीत, बरं केलंत. तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात बघा : परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने. मे महिन्यात तिचा कोर्स संपला, म्हणजे पहिला हप्ता पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. बँकेत जाऊन तारीख लेखी घ्या, तोवर व्याज भरायचं की नाही तेही विचारा, आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर ते पत्र टाका.