पैसे घेणाऱ्या पार्किंगमधे गाडी ठोकली गेली, भरपाई मिळते का?

मिळू शकते भाऊ, पावतीवर 'गाडीमालकाच्या जबाबदारीवर' छापलं आहे म्हणून सोडून देऊ नका. 2019 मधे सुप्रीम कोर्टानं हॉटेलच्या वॅले पार्किंगमधून (म्हणजे हॉटेलचा माणूस चावी घेऊन गाडी लावते ते) चोरी गेलेल्या गाडीच्या केसमधे सांगितलं की चावी ताब्यात घेतली अन् निष्काळजीपणा झाला तर निव्वळ असं छापून हॉटेलला हात झटकता येत नाही. तुम्ही चावी दिली होती का, हे पहिले बघा. चावी तुमच्याचजवळ असन अन् यात्रेतल्यासारखं वावरात दोरी बांधून पन्नास रुपये घेतले असतील तर केस थोडी अवघड जाते, त्यायचा हलगर्जीपणा तुम्हालाच दाखवावा लागन. म्हणून गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, दरवाजाचा पोचा, बाजूच्या गाडीचा नंबर, पावती, सगळं. सीसीटीव्ही असन तर फुटेज जपून ठेवायला त्याच दिवशी लेखी मागा, जुनं पुसल्या जाते.

मग गॅरेजचं एस्टिमेट लावून ठेकेदाराले स्पीड पोस्टानं नोटीस. ऐकत नसन तर 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाका, तुम्ही दारव्ह्याचे असाल तर यवतमाळलेच, गाडी नागपुरात ठोकली असली तरी. तक्रारीची फी पार्किंगले दिलेल्या रकमेवरून ठरते, एवढ्या कमी रकमेले ती लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.