दालचिनी पिठात नको, वरून घाला
वाचकांचे प्रश्न : जर्मन पद्धतीचा यीस्ट केक

प्रश्न : लोणी, साखर आणि दालचिनी घालून जर्मनीत ट्रेमध्ये भाजतात तो केक, बुटरकूखन, घरच्या ओटीजीत करायचा आहे. आमच्याकडे अंडं चालत नाही. नेमकं प्रमाण सांगाल का? (धरमपेठ)

उत्तर : अंड्याची गरजच नाही. उत्तर जर्मनीत हा केक लग्नातही असतो आणि अंत्यविधीनंतरच्या चहालाही, आणि त्याची खरी चव लोण्याची असते.

25 बाय 30 सेंटिमीटरच्या ट्रेसाठी मैदा 350 ग्रॅम, दूध 200 मिली, साखर 50 ग्रॅम, मऊ बटर 50 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम, मीठ 4 ग्रॅम घ्या. बटर खारं असेल तर मीठ निम्मं करा. वरून घालायला थंडगार बटर 80 ग्रॅम, साखर 60 ग्रॅम, दालचिनीची पूड 5 ग्रॅम (साधारण दोन छोटे चमचे), बदामाचे काप 40 ग्रॅम आणि शेवटी ओतायला 60 मिली क्रीम.

मैदा, यीस्ट, साखर, मीठ एकत्र करून दूध घाला. त्यातलं 20 मिली मागे ठेवा, कारण प्रत्येक मैदा सारखंच दूध पीत नाही. गोळा जमल्यावरच बटर घाला. आधी घातलं तर मैद्याला चिवटपणा यायला वेळ लागतो. मग 10 ते 12 मिनिटं मळा. पीठ हाताला चिकटेल, तरी वरून कोरडा मैदा टाकू नका. त्याने केक दडदडीत होतो. लिंबाएवढा तुकडा ताणून पाहा. न फाटता पातळ पडदा झाला की मळणं पुरे.

पीठ जवळजवळ दुप्पट फुगलं की बटर लावलेल्या ट्रेत हाताने पसरा. आखडून मागे येत असेल तर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग पुन्हा पसरा. आणखी 20 ते 30 मिनिटांनी पीठ फुगून हलकं झालं की बोटं थेट तळापर्यंत दाबून खळगे करा आणि प्रत्येकात थंड बटरचा तुकडा ठेवा. वरून दालचिनी-साखर आणि बदाम भुरभुरा. आधीच तापवलेल्या ओटीजीत 200 अंशांवर 18 ते 22 मिनिटं भाजा. बाहेर काढल्याबरोबर गरम केकवर क्रीम ओता. केक गार झाल्यावर ओतलेलं क्रीम आत मुरत नाही.

प्रश्न : दोन तास झाले, पीठ फुगूनच नाही राहिलं. दूध चांगलं गरम घेतलं होतं, दोन चमचे दालचिनीही पिठातच मळली. यीस्ट नवीन पाकिटातलं होतं. (महाल)

उत्तर : यीस्टला दोष देऊ नका. 55 ते 60 अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, आणि 'चांगलं गरम' दूध सहज तिथवर पोचतं. दुसरं कारण दालचिनी. तिला वास देणारं सिनॅमाल्डिहाइड यीस्टची वाढ रोखतं. पिठात चिमूटभर चालेल, दोन चमचे नाही. म्हणून दालचिनीची सगळी चव वरून द्यायची.

सुटं मिळणारं जाड दाण्याचं यीस्ट बहुधा इन्स्टंट नसतं. ते 35 ते 40 अंशांच्या तीन चमचे पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा आणि तेवढं दूध कमी करा. फेस आला नाही तर मळायला घेऊच नका.

प्रश्न : हिवाळ्यात केक छान झाला. मे महिन्यात त्याच कृतीने पीठ भांड्याबाहेर आलं, आंबूस वास आला आणि बटर वाहून कडेला तळलं गेलं. (मनीषनगर)

उत्तर : कृती तीच राहिली, पण पिठाचं तापमान बदललं. मळून झाल्यावर पीठ 25-26 अंशांचं असावं. मे महिन्यात आपल्या नागपुरात डब्यातला मैदाच 38-40 अंशांवर असतो. त्यात कोमट दूध घातलं की पीठ सुरुवातीपासूनच तापलेलं असतं. उन्हाळ्यात दूध थेट फ्रिजमधून काढून वापरा. मैदा गरम असल्याने मळून झाल्यावर तापमान बरोबर येतं. इन्स्टंट यीस्ट मात्र आधी मैद्यात मिसळा, थंड दुधात टाकू नका.

याहून चांगला उपाय रात्रीचा. यीस्ट 3 ग्रॅमवर आणा, मळलेलं पीठ अर्धा तास बाहेर ठेवून मग झाकून फ्रिजमध्ये 8 ते 10 तास ठेवा आणि सकाळी ऊन तापायच्या आत भाजा. या पद्धतीने चवही जास्त खोल येते. वरच्या बटरचे तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा, ओव्हन तापल्यावरच खळग्यांत घाला. डिसेंबरात उलट करा : दूध कोमट घ्या आणि बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी पीठ ठेवा. घड्याळ पाहू नका, पीठ किती फुगलं ते पाहा.

प्रश्न : वरची साखर काळी, खाली कच्चं. (सीताबर्डी)

उत्तर : ट्रे ओटीजीच्या वरच्या तापणाऱ्या दांड्याजवळ होता. एक खण खाली घ्या, दोन्ही दांडे चालू ठेवा, 15 मिनिटं आधी तापवा. रंग लवकर आला तर वर फॉइल झाका.

प्रश्न : दालचिनी कोणती घ्यावी? मुलांना चालते का? (प्रतापनगर)

उत्तर : बाजारातली जाड, कडक, एकेरी वळलेली साल बहुधा कॅसिया असते. पातळ, कागदासारख्या थरांची आणि बोटांनी चुरडणारी ती सिलोन. कॅसियात कूमारिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं तर यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपात रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम धरतात. या केकचे 12 तुकडे केले तर कॅसियाच्या एका तुकड्यात साधारण 1.2 मिलिग्रॅम कूमारिन येतं. 60 किलोच्या माणसाला ते नगण्य, पण 15 किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादाच 1.5 मिलिग्रॅम. लहान मुलं रोज खाणार असतील तर सिलोनच घ्या.

प्रश्न : संत्र्याची साल घातली तर? (इतवारी)

उत्तर : जरूर घाला. जर्मन यीस्ट पिठात लिंबाची किसलेली साल घालतातच. आपलं संत्रं त्या जागी फार छान लागतं. एका संत्र्याची साल पुरते, ती बटरबरोबर पिठात घाला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून फळ सोलायच्या आधी धुऊन, घट्ट धरून बारीक किसणीवर फिरवा. फक्त केशरी थर घ्या. खालचा पांढरा भाग आला की केक कडू होतो.