चंद्राला ‘ती’ म्हटलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा की कवितेत चंद्राला बाई करायचंय, पण ‘चंद्र आली’ लिहिलं की ऐकणारे हसतात. मग मराठीत चंद्र पुरुषच का?

व्याकरणाचं उत्तर एका ओळीचं आहे: शब्द संस्कृतातून आला, तिथे पुल्लिंगी, इथेही पुल्लिंगी. जगात काही एकमत नाही. फ्रेंचांचा चंद्र बाई आणि सूर्य बुवा, तर जर्मनमध्ये आणि अरबीत बरोबर उलटं. आपण मात्र नुसतं लिंग देऊन थांबलो नाही, त्याला घरात घेतलं. विठोबा, खंडोबा तसा चांदोबा, आणि वर पुन्हा मामा. सूर्याला कुणी काका म्हणत नाही. मामा का, तर समुद्रमंथनातून लक्ष्मी निघाली तसा चंद्रही निघाला, म्हणून ती दोघं भावंडं. लक्ष्मी आपली आई, म्हणजे हा मामा, अशी संगती जुनी माणसं लावतात. तुमची खरी अडचण इथे आहे. लिंग बदलता येईल हो, नातं कसं बदलणार?

माझ्या आईला सख्खा भाऊ नाही. भाऊ नसला तर भाऊबिजेला चंद्राला ओवाळायचं, हे तिला तिच्या आईने शिकवलं. पंचवटीत आमचं जुनं घर आहे. दिवेलागणीला ती ताट घेऊन गच्चीवर निघायची, आणि सगळी घाईच, कारण बिजेचा चंद्र फार थांबत नाही. सूर्य बुडाला की तासाभरात तोही मावळायच्या बेताला येतो. पुढे मला पिटाळायची आणि जिन्यातूनच ओरडायची, “दिसली का गं कोर?” मी पांडवलेण्याच्या बाजूला तांबूस आभाळात शोधत बसायचे. सापडायची ती नखाएवढी, तीही एका जागी बघत राहिलं तरच. मग निरांजनाला माझ्या ओढणीचा आडोसा, सुपारी आणि अंगठी ओवाळणं, आणि अक्षता थेट आभाळाकडे, ज्या दरवर्षी शेजारच्यांच्या वाळवणावर पडायच्या. खाली आलो की बाबा ताटात दहाची नोट टाकायचे. “मेव्हण्याने पाठवलीये.”

आता यात एक गंमत बघा. जिन्यात होती ती ‘दिसली का’, आणि गच्चीवर पोचेपर्यंत झाला भाऊ. दोन मिनिटांत लिंग बदललं आणि आईला काही वावगं वाटलं नाही. मराठीत हे सर्रास चालतं. अख्खा चंद्र ‘तो’, पण त्याची कोर ‘ती’, कला ‘ती’, आणि उजेड पडला की ‘ते’ चांदणं. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत आणि तिथून अमावस्येपर्यंत झाडून सगळ्या तिथी बायका. शुक्र हा ग्रह पुरुष, पण तोच संध्याकाळी पश्चिमेला चमकला की शुक्राची चांदणी. ‘इंदु’ संस्कृतात पुल्लिंगी आणि आपल्याकडे निम्म्या आत्यांचं नाव इंदू. संक्रांतीची काळी साडी चंद्रकळा. आमच्या जिल्ह्यात येवल्याला काळ्या पैठणीलाही हेच म्हणतात. तेव्हा शब्दाशी मारामारी करू नका, शब्द बदला. ‘चंद्र आली’ कानाला दगडासारखं लागतं. ‘कोर आली’ लिहा, पुढची सगळी क्रियापदं आपोआप तिची होतील.

बाई करण्यामागचं कारण मात्र मला पटतं. ‘मास’ या शब्दाचा एक जुना अर्थच चंद्र असा आहे, आणि आपण पाळीला मासिक पाळी म्हणतो. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५ दिवस; हा हिशेब बायकांनी आपल्या अंगावरून ताडला नसेल तरच नवल. उलट चंद्र पुरुष ठेवला की दक्षाच्या २७ मुली येतात, म्हणजे २७ नक्षत्रं, सगळ्या त्याच्या बायका. ताऱ्यांमधून त्याचा एक फेरा २७ दिवसांहून थोडा जास्त, म्हणून रोज एकीकडे मुक्काम. तो मात्र रोहिणीकडेच रमला, सासऱ्याचा शाप लागला आणि झिजायला लागला. चंद्राला बाई केलंत तर ही गोष्ट तुम्हाला सोडावी लागेल. मला विचाराल तर फारसं नुकसान नाही. वाटणी न जमलेल्या नवऱ्याची गोष्ट आहे ती, तशा आपल्याकडे भरपूर आहेत.

भाऊबीज मात्र सोडवत नाही. माझी लेक पाच वर्षांची असताना कोजागरीला दुधाच्या पातेल्यात वाकून बघत होती. गोल चंद्र हलत होता, वर चारोळ्या. म्हणाली, “हा मामा नाहीये, ही चांदूमावशी आहे.” आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. पातेलं ढवळायचं थांबवून म्हणाली, “मावशी कर गं बाई, पण मग सतरा दिवसांनी मी ओवाळू कुणाला?”

लेकीने जरा विचार केला. “तेव्हा मामा. आज मावशी.”

आईने तिला पहिला पेला दिला.