बहिणीच्या गॅरेजातून बंदुकांचा धंदा करावा का?

कोल्हापुरात तुमचं वडिलोपार्जित बंदुकीचं दुकान आहे. ग्रीन कार्डावर ह्यूस्टनला बहिणीकडे येताय आणि विचारताय, तिच्या गॅरेजातून सुरुवात करू की गाळा घेऊ? मी दोन्ही केलंय. माझा कौल गाळ्याला, छोटा का असेना.

कायद्याला घर चालतं. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टखालचा एफएफएल, म्हणजे बंदुका विकण्याचा केंद्रीय परवाना, एटीएफ हे केंद्रीय खातं देतं. विक्रेत्याला पहिल्या तीन वर्षांचे २०० डॉलर, पुढे दर तीन वर्षांना ९०. पण ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबा. टुरिस्ट किंवा एच-१बी व्हिसावर, मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच बंदी आहे.

खरी अडचण पत्त्याची. परवाना जागेशी बांधलेला असतो आणि त्या जागी हा धंदा स्थानिक कायद्यात बसतो, असं अर्जात लिहून द्यावं लागतं. ह्यूस्टन शहरात झोनिंग, म्हणजे कुठे घरं आणि कुठे धंदा हे ठरवणारा नियम, नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण अनेक वसाहतींना डीड रिस्ट्रिक्शन्स (जागेच्या खरेदीखतातल्या अटी) आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) असते, त्यांच्या नियमांत घरातून धंद्याला मनाई सर्रास सापडते. शेजारच्या शुगर लँडला तर स्वतःचं झोनिंग आहे. बहिणीची आणि दाजींची लेखी संमतीही घ्या. एटीएफचा तपासनीस कामाच्या वेळेत, १२ महिन्यांतून एकदा, वॉरंटशिवाय माल आणि वह्या तपासू शकतो. म्हणजे तो त्यांच्या दारात येणार. गिऱ्हाइकंही तिथेच येणार, आणि घरात बंदुका आहेत हे सगळ्यांना कळणार. भाचरं असलेल्या घरात मला हे पटत नाही.

आता काउंटरचं काम. आपल्याकडे गिऱ्हाईक परवाना घेऊनच दुकानात येतं, त्याची छाननी आधीच सरकारी कचेरीत झालेली असते. टेक्सासात ती तुमच्यासमोर होते. गिऱ्हाईक फॉर्म ४४७३ भरतं, तुम्ही ओळखपत्र पाहता, एफबीआयच्या एनआयसीएस या यंत्रणेकडून त्याची पार्श्वभूमी तपासून घेता. पत्त्यातल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रकान्यात कितीतरी जण 'यूएसए' लिहून मोकळे होतात! ते तुम्ही खोडायचं नाही. त्यालाच दुरुस्त करायला लावून आद्याक्षरं आणि तारीख घ्यायची, तीही बंदूक हातात देण्याआधी. आलेल्या मालाची नोंद लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, विक्रीची सात दिवसांत. चोरी झाली तर ती लक्षात आल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि पोलिसांना कळवायचं. जेवणाच्या टेबलावर ही शिस्त टिकत नाही.

घराची बाजूही सांगतो. भाडं वाचतं, आणि ऑनलाइन घेतलेल्या बंदुका गिऱ्हाइकाच्या नावे ट्रान्सफर करून फी घेण्यापुरतं काम असेल तर घर पुरतं. पण काही घाऊक वितरक दुकान असल्याशिवाय खातं उघडत नाहीत, आणि घराचा विमा धंद्याच्या मालाला सहसा पुरेसा पडत नाही. पुढे गाळ्यात हलायचं झालं तर किमान ३० दिवस आधी अर्ज करायचा, आणि सुधारित परवाना येईपर्यंत नव्या जागी विक्री नाही.

बहिणीकडून एचओएचे कागद आत्ताच मागवून वाचा. टेक्सासात राज्याचा वेगळा विक्रेता परवाना लागत नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यात लागतो, बेत बदललात तर तो खर्च धरा.