नाटक संपल्यावर आत जायचं असेल तर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. नाटक संपलं की आत जाऊन कलाकारांना भेटावंसं वाटतं पण ओळख कोणाची नाही, आपण कोण, कोणी हटकलं तर काय सांगायचं, म्हणून दर वेळी दारापर्यंत जाऊन परत फिरतेस आणि मग बसस्टॉपवर हळहळतेस. तर आधी हे सांगते की ओळख लागत नाही. पासही लागत नाही. तुझं तिकीट बाल्कनीतलं होतं की पहिल्या रांगेतलं हे आत कोणी विचारत नाही. बहुतेक थिएटरात स्टेजच्या बाजूने आत जायला दार असतं, पडदा पडल्यावर तिथे चार माणसं घुटमळत असतातच, त्यांच्यामागे उभी राहा आणि दाराशी जो असेल त्याला सरळ सांग, "नाटक आवडलं, दोन मिनिटं भेटायचं होतं." बस. एवढी वर्षं मी नाटकाचा कपडेपट सांभाळतेय, असं सांगणाऱ्या माणसाला विनाकारण परत पाठवलेलं फार क्वचित पाहिलंय, आणि पाठवलं असेल तर त्यामागे बस सुटायची असते नाहीतर कोणाची तब्येत बरी नसते.

तू ते परदेशातले व्हिडिओ पाठवले होतेस ना, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचे, तिथलं वेगळं आहे. तिथे थिएटरच्या बाजूच्या दारापुढे रस्त्यावर बॅरिकेड लावतात, लोक प्लेबिल (नाटकाची छापील पुस्तिका) आणि मार्कर हातात धरून थंडीत थांबतात, कलाकार बाहेर येऊन सह्या करत करत पुढे सरकतो, कधी येतही नाही, आणि करोनानंतर थिएटरं उघडली तेव्हा तर बराच काळ या भेटी बंदच ठेवल्या होत्या. आपल्याकडे प्रेक्षक थेट आत येतो, रंगपटात, जिथे नट आरशासमोर बसून तोंडाचा मेकअप पुसत असतो. ही मोठीच गोष्ट आहे गं, आणि मला ती मनापासून आवडते. पण याचा अर्थ असाही होतो की तू कोणाच्या तरी कामाच्या जागेत शिरतेस, आणि काम अजून संपलेलं नसतं. हे एवढं एक लक्षात ठेवलंस तर बाकीचं तुझं तुलाच सुचत जाईल.

म्हणजे बघ, पडदा पडल्यावर आत काय चालू असतं ते सांगते. टाळ्या संपायच्या आत सेटवाली पोरं चौकटी सोडवायला लागतात, लाइटवाला उतरवायचे ते लाइट उतरवतो, साउंडवाला वायरी गुंडाळतो, आणि मी हातात हँगर घेऊन प्रत्येकाच्या मागे, कारण मला कपडे परत हवे असतात. नऊवारी नेसलेल्या बाईच्या अंगावर किती पिना असतात ते तुला माहीत नाही, त्या मोजून काढाव्या लागतात, खोटे दागिने डबीत जातात, विग जाळीवर जातो, शर्ट घामाने असा भिजलेला असतो की तसाच ट्रंकेत टाकला तर दुसऱ्या दिवशी वास मारतो म्हणून तो आधी जरा वाऱ्यावर टाकायचा. शनिवार-रविवारी एका नाटकाचे दोन-दोन प्रयोग असतात, दुपारी चारला दादरचं शिवाजी मंदिर थिएटर असेल तर रात्री साडेआठला ठाण्याचं गडकरी नाहीतर वाशीचं विष्णुदास भावे, आणि मधे मुंबईचं ट्रॅफिक. आम्ही निघायच्या आत पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात येऊन उभा असतो. आता अशा वेळी एखादा नट कॉस्च्युममध्येच अर्धा तास फोटो देत उभा राहिला (आणि ते राहतात, प्रेक्षकाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं) तर त्याचा चहा जातो, माझे कपडे अडकतात आणि बसमध्ये बाकीचे सगळे खोळंबतात. म्हणून तुला जमलं तर सुट्टीच्या दुपारचा प्रयोग सोड आणि आठवड्यातल्या रात्रीचा बघ, तेव्हा गर्दीही कमी असते. आणि मध्यंतरात अजिबात आत जाऊ नकोस. तेव्हा कपडे बदलणं चाललेलं असतं, काही जण डोळे मिटून पुढचा अंक मनात धरून बसलेले असतात, त्या वेळी आलेलं कौतुकसुद्धा नको असतं.

बरं, आत गेल्यावर बोलायचं काय, तुझा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

"खूप छान काम केलंत" हे सगळेच म्हणतात, वाईट नाही त्यात काही, पण तेवढं म्हटल्यावर पुढचं वाक्य सुचत नाही म्हणून फोन बाहेर काढला जातो. तू नाटक बघताना एक जागा मनात धरून ठेव. एकच. कोणीतरी वाक्य अर्धवट सोडून पाठ फिरवली ती जागा, कोणी रागात असताना टेबलावरचा कप किती सांभाळून ठेवला ते, एखादा हशा आला तेव्हा समोरचा नट तो हशा पूर्ण उतरेपर्यंत कसा थांबला ते. आणि आत जाऊन तेवढंच सांग. मी आरशांच्या मागे उभी राहून शेकडो माणसांची बोलणी ऐकलीत, आणि खोटं नाही सांगत, असं एखादं वाक्य आलं की दमलेला नट मान वर करतो, चेहरा बदलतो त्याचा. प्रशांत दामल्यांनी 6 नोव्हेंबर 2022 ला षण्मुखानंदमध्ये आपला 12,500वा प्रयोग केला, आता इतके प्रयोग केलेल्या माणसाला "तुम्ही ग्रेट आहात" हे किती वेळा ऐकायला मिळालं असेल विचार कर. पण आजच्या प्रयोगात, या थिएटरात, तुझ्या सीटवरून तुला काय दिसलं हे फक्त तूच सांगू शकतेस, ते दुसऱ्या कोणाकडे नसतंच.

प्रश्नही विचारावेत, एखादा. "ती जागा तालमीत ठरली होती की प्रयोग करता करता सापडली?" असला प्रश्न बहुतेक नटांना आवडतो आणि मग तेच बोलायला लागतात, तू फक्त ऐक. "सिरियल का सोडलीत" किंवा "पिक्चर कधी" हे आत्ता नको, ते नाटकातून बाहेर येतायत अजून. आणि काही आवडलं नसेल तर? तर त्या रात्री ते बोलू नकोस. खोटी स्तुतीही करू नकोस, जे आवडलं तेवढं बोल आणि बाकीचं घरी जाऊन नीट लिहून काढ, दोन दिवसांनी तेच मत राहिलं तर सभ्य शब्दात मेसेज कर. नाटकवाले टीका ऐकून घेतात, खरंच घेतात, पण अंगातला घाम वाळायच्या आत नाही ऐकवायची.

कोणी तुटक वागलं तर मनाला लावून घेऊ नकोस हेही सांगून ठेवते. बालगंधर्वांची 1911 मधली गोष्ट तू ऐकली असशील, मानापमानचा पहिला प्रयोग मुंबईत, आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली होती, तरी प्रयोग झाला. दर वेळी एवढं भयंकर नसतं, पण कोणी दवाखान्यातून थेट थिएटरवर आलेला असतो, कोणाला ताप असतो, कोणाचं घरी भांडण झालेलं असतं, आणि स्टेजवर तासन् तास लोकांना हसवून झाल्यावर त्याला फक्त पाणी आणि खुर्ची हवी असते. असा चेहरा दिसला तर लांबून नमस्कार कर आणि ये निघून. नाटक परत लागतंच.

फोटोचं म्हणशील तर विचारून काढ, एकच काढ, आणि फोन आधीच उघडून तयार ठेव म्हणजे समोरच्याला "थांबा हं, स्टोरेज फुल्ल झालंय" ऐकावं लागत नाही. विग अर्धा काढलेला असताना, कोणी कपडे बदलत असताना, मागच्या आरशात दुसरं कोणी दिसत असताना नको. हल्ली बऱ्याच नाटकांत शेवटी स्टेजवरूनच सांगतात की या, भेटा, फोटो काढा, तिथे मग बिनधास्त जा. पण रहस्यनाटक असेल तर कोणत्या वेशातला फोटो टाकतेस ते बघ, शेवटच्या प्रवेशातला कॉस्च्युम फोटोत दिसला की पुढच्या प्रेक्षकाचं नाटक फुकट गेलं. खांद्यावर हात, मिठी, गालाला गाल, हे आपणहून काही नाही. पाया पडायचं असेल तर पड, वयाने मोठ्या नटांना ते चालतं, पण अरुंद रंगपटात दहा माणसांच्या मधे वाकलीस तर कोणीतरी तुझ्यावर पडेल, म्हणून हात जोडलेस तरी पुरे आहे.

आता जरा गंभीर, आणि हे मी माझ्या भाचीलाही असंच सांगितलंय. कलाकार हसून बोलला, आपुलकीने वागला, म्हणजे तो आपला मित्र झाला असं नाही. त्याने दिलेला वेळ तेवढाच धर, लगेच नंबर मागू नकोस, रोज मेसेज करू नकोस. आणि हे उलट बाजूनेही तितकंच खरं आहे, कोणी कितीही मोठं नाव असो, रात्री उशिरा एकटीला थांब म्हणालं, नंबर दे म्हणून मागे लागलं, बोलता बोलता नको तिथे हात ठेवला, तर तुला संकोच करायचं काहीही कारण नाही, सरळ निघायचं आणि बाहेर आपल्या माणसांत यायचं आणि मला फोन करायचा, वाजले कितीही असोत. कलेवर प्रेम आहे म्हणून हे सोसायचं नसतं. पहिल्या एकदोन वेळा मैत्रिणीला घेऊनच जा.

काम मागू नकोस तिथे. मला माहितीय तुझ्या मनात ते आहे. रंगपटात उभं राहून "मलाही ॲक्टिंग करायचीय" म्हटलं की समोरचा माणूस अवघडतो, त्याच्या हातात त्या क्षणी द्यायला काही नसतं. त्यापेक्षा तू पुण्यात आहेस तर पुरुषोत्तम करंडकाचं विचार, 1963 पासून चालू असलेली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, आज स्टेजवर दिसणारे कितीतरी जण त्यातून आलेत, "तुम्ही कॉलेजात असताना पुरुषोत्तम केलं होतं का" एवढं विचारून बघ, समोरच्याने केलं असेल तर तो दहा मिनिटं हलणार नाही जागचा. आणि तुझ्या कॉलेजची टीम असेल तर बॅकस्टेजला नाव दे, काम कोणतं मिळतं ते नंतर बघू. विंगेत उभं राहून नाटक बघितलंस की आत भेटायला येणाऱ्या माणसाने कसं यावं हे वेगळं शिकावं लागत नाही.

तू कुडाळची, तुला खरं तर मी हे सांगायलाही नको. जत्रेतल्या दशावताराच्या रात्री तू लहानपणी रंगपटाच्या कनातीला डोळा लावून बसायचीस असं तुझी आईच सांगत होती. तिथे नट स्वतःच स्वतःचं तोंड रंगवतो, छोटा आरसा पुढ्यात घेऊन, दिवसभर शेतात नाहीतर कुठल्यातरी नोकरीत राबलेला माणूस रात्री राजा होतो नाहीतर राणी होते, हातात लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरवतात आणि संभाषण उभ्या उभ्या रचतात, पहाटे संपलं की पेटारे भरतात. तिथे तुला कधी भीती वाटली नाही ना त्यांच्याशी बोलायची, कारण ती आपल्यातलीच माणसं वाटायची. मग पुण्यातला टीव्हीवर दिसणारा नट तेवढा वेगळा का वाटावा, तोही रात्री पिठलं-भाकरी कुठे मिळेल ते बघत बसमध्ये बसतो. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचसारख्या छोट्या जागेत एकदा जाऊन बघ, तिथे तर प्रेक्षक आणि नट एवढे जवळ असतात की प्रयोगानंतर वेगळं "आत" असं फारसं काही उरतच नाही. सुरुवात करायला मोठ्या थिएटरपेक्षा तेच बरं, माझं तरी हेच मत आहे.

आणि भेटताना फक्त पोस्टरवरच्या चेहऱ्यांना भेटून येऊ नकोस. लाइट ज्याने केले त्याचं नाव विचार, मेकअपवाल्या दादांना सांग की म्हातारपण खरं वाटलं, सेट उचलणाऱ्या पोरांच्या वाटेतून बाजूला हो आणि "मस्त झाला प्रयोग" म्हण. त्यांच्याकडे कोणी बघत नाही गं, आणि ब्लॅकआउटमध्ये मिनिटभरात अख्खं घर बदलून दाखवणारे तेच असतात.

न्यायचं काय असंही विचारलंयस. बुके नको, बसमध्ये चेंगरतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच ट्रंकेवर सुकलेला पडलेला असतो. सहीसाठी वही न्यायची तर ने, पेन आपलं ने. खायचं द्यायचं तर घरचं कोरडं काहीतरी चालतं, आई खटखटे लाडू पाठवते ते, किंवा चिवडा, पण मग एका नटाच्या हातात छोटी पुडी नको, पंधरा-वीस जणांना पुरेल एवढा डबा ने आणि मॅनेजरकडे दे, म्हणजे तो मागच्या सीटवर झोपायला आलेल्या सेटवाल्या पोरांपर्यंतही पोचेल.

तुझी,
मावशी